चाक नाही, भट्टी नाही: घरून ऑनलाइन सिरॅमिक शिकायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर लहान, चाक नाही, भट्टी नाही, प्रत्यक्ष शिकवणारं कुणी हाताशी नाही. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, माती आणली, पण केलेल्या वाट्या वाळताना तडकतात आणि कपाचा कान सांध्यातून सुटून येतो. तर घरबसल्या ऑनलाइन सिरॅमिक खरंच शिकता येतं का, कोर्स घ्यायचा तर कसला, आणि चाक विकत घ्यावं का?

शिकता येतं. एका बाबतीत तर घर क्लासपेक्षा सरस आहे, आणि मातीकामाचा निम्मा गाभा नेमका त्या बाबीत आहे. या कामात हातांना वळण लागावं लागतंच, पण त्याहून जास्त वेळ साधावी लागते. माती मऊ असताना जे होतं ते ती आवळल्यावर, म्हणजे थोडं पाणी उडून घट्ट झाल्यावर, होत नाही. आवळल्यावर करायचं ते मऊ असताना केलं, तर भांडं खचतं. आठवड्यातून एकदा दोन तास क्लासला जाणाऱ्याची वाटी मधल्याच एखाद्या दुपारी पुढच्या कामाला तयार होते, आणि तो उगवतो शनिवारी. मधल्या दिवसांत झाकणं, उघडणं, पालथं घालणं हे सगळं स्टुडिओतलं माणूस करतं, याच्या हाती आयतं तयार भांडं येतं. असे वर्षभर शिकलेले लोक छान आकार काढतात, पण 'हे कधी झाकू?' असं विचारलं की गप्प होतात. घरी मात्र भांडं तुमच्या डोळ्यांसमोर वाळतं. येता-जाता हात लावता येतो.

आता अडचणीची बाजू. स्क्रीनवर आकार दिसतो, क्रम दिसतो, हत्यार कसं धरलंय ते दिसतं. ओलावा दिसत नाही. व्हिडिओतला माणूस कपाला कान लावतो तेव्हा कप किती आवळलाय आणि कान किती, हे त्याच्या बोटांना कळतं, तुम्हाला नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी इथूनच आल्या आहेत. हात वाईट नाहीत, वेळ चुकतेय.

त्यामुळे पहिले काही आठवडे काही 'बनवण्या'ऐवजी मातीच्या अवस्था ओळखायला द्या. हाताला न चिकटणारी, वाकवली तर चीर न पडणारी माती ही मऊ अवस्था. मग येते ती लेदर हार्ड: बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही, पण नखाची रेघ स्वच्छ उठते, सुरीने कापली तर कडा गुळगुळीत निघते. कान लावणं, तळ कोरणं, नक्षी खोदणं ही सगळी कामं याच टप्प्यातली, आणि हा टप्पा हवामानाप्रमाणे कधी दोन तास टिकतो, कधी दोन दिवस. शेवटी बोन ड्राय: रंग फिका पडतो आणि भांडं गालाला लावलं तर गार लागत नाही. गार लागलं म्हणजे आत अजून पाणी आहे आणि ते उडतंय. ही गालाची परीक्षा भल्याभल्या स्टुडिओंत भट्टी लावण्याआधी होते.

आणताना बारीक ग्रॉग असलेली माती मागा. ग्रॉग म्हणजे आधीच भाजलेल्या मातीचा चुरा. तो पुन्हा आकसत नाही, त्यामुळे एकूण आकसणं कमी होतं, पाणी बाहेर पडायला वाट मिळते आणि नवख्याच्या हातून होणारे तडे घटतात. पोर्सेलिन पांढरंशुभ्र दिसतं म्हणून त्यापासून सुरुवात करू नका. ती माती जराही माफ करत नाही.

हत्यारं जास्त लागत नाहीत: कापायला तार, एक सुई, स्पंजचा तुकडा, लाटणं, समान जाडीच्या दोन पट्ट्या, जाड सुती कापड, आणि झाकायला पातळ प्लास्टिक. मातीला लावलेलं लाटणं आणि सुऱ्या परत जेवणाच्या कामाला न्यायच्या नाहीत, एवढं पथ्य पाळा.

पहिला धडा पिंच पॉटचा, म्हणजे चिमटीने वाढवलेल्या वाटीचा. हा लहान मुलांचा प्रकार समजून लोक एका दिवसात उरकतात. उरकू नका. मुठीत मावेल असा गोळा घ्या, थापून गोल करा, अंगठा मधोमध घाला आणि तळाला साधारण एक सेंटिमीटर माती राहील तिथे थांबा. आता चिमटी तळापासून सुरू करायची. नवखे हटकून काठापासून सुरू करतात, कारण काठ हाताशी असतो. मग काठ पातळ होऊन फाकतो, वाळतो, चिरतो, आणि खाली मात्र मातीचा ठोकळा तसाच राहतो. तळाशी एक फेरी, जरा वर दुसरी, आणि काठाला सगळ्यात शेवटी हात. दोन चिमट्यांमध्ये वाटी थोडी फिरवायची, प्रत्येक दाब सारखाच. काठावर बारीक चिरा दिसू लागल्या की पाणी ओतायचं नाही. ओल्या बोटाने चिरा मिटवायच्या, वाटी पालथी घालून थोडा वेळ सोडून द्यायची आणि मग पुढे जायचं. पाण्याने चीर झाकते, पण माती लिबलिबीत होते आणि तीच जागा वाळताना उघडते.

वाटी झाली की ती तारेने उभी मधोमध कापा. जिवावर येतं, पण कापाच. कापलेल्या बाजूला सगळा हिशेब दिसतो: कुठे जाड, कुठे पातळ, तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात किती माती अडकून बसली आहे. तो कोपरा जवळजवळ प्रत्येकाचा जाड निघतो. पहिल्या काही वाट्या अशा कापल्याच पाहिजेत. ऑनलाइन शिक्षकाला फोटो पाठवायचा तो या कापाचा पाठवा. बाहेरून काढलेल्या देखण्या फोटोवर कुणीही 'छान' यापलीकडे काही सांगू शकत नाही.

आता तडे. भांड्याचा एक भाग दुसऱ्याआधी वाळला की आधी वाळलेला आकसतो, ओला अजून आकसायचा असतो आणि मधे ताण पडतो. काठ पातळ आणि उघडा, म्हणून तो आधी वाळतो. तळ फळीला टेकलेला, म्हणून तो शेवटी. त्यावर उपाय असा की काठाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळून ठेवायची, भांडं आपलं वजन पेलण्याइतकं आवळलं की पालथं घालायचं, आणि वरून सैल प्लास्टिक टाकायचं. पंख्याखाली किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवलं तर एकाच बाजूने वाळून वेडंवाकडं होणार. झाकण लागणारा प्लास्टिकचा डबा असेल तर त्यात ओला स्पंज ठेवून भांडं आत ठेवा. काम अर्धवट टाकून ऑफिसला जायचं असेल तर हा डबाच तुमचा मदतनीस.

कानाचंही मूळ तेच. तुम्ही कप करता, तो आवळायला ठेवता, दुसऱ्या दिवशी ताज्या मऊ मातीचा कान वळून लगेच चिकटवता. कपाचं बरंचसं आकसणं तोवर झालेलं असतं, कानाचं व्हायचं असतं. मग कान सांध्यापासून स्वतःला ओढून घेतो. कान आधी वळा, हवा तो बाक देऊन ठेवा, आणि दोन्ही साधारण एकाच ओलाव्याला आले की जोडा. दोन्हीकडे सुईने आडवे-उभे चरे पाडायचे, त्याच मातीची दाट स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, लावायची आणि दाबून किंचित हलवायचं. सांधा पकडतो तेव्हा हलवताना अडल्यासारखं जाणवतं. मग सगळं प्लास्टिकमध्ये झाकून रात्रभर ठेवा, म्हणजे ओलावा दोघांत सारखा वाटला जातो. व्हिडिओत हा रात्रभराचा भाग कापलेला असतो. त्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणून कापतात, पण कान टिकतो तो त्यामुळेच.

लादी लाटून चौकोनी बश्या, डबे करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: माती वाकवलेलं विसरत नाही. लादी एका कडेला धरून उचलली आणि परत सपाट दाबली, तरी भट्टीत ती कड पुन्हा वर येऊ शकते. लादी कापडासकट फळीवर सरकवा, पालटताना दोन फळ्यांमध्ये धरून पालटा, आणि दोन्ही बाजूंनी रबरी रिबने, म्हणजे माती दाबून सपाट करायच्या लवचीक पट्टीने, दाबून घ्या.

व्हिडिओ कसे बघायचे याबद्दल माझं मत जरा कडक आहे. हात मातीत असताना व्हिडिओ सुरू ठेवू नका. एकदा पूर्ण बघा, पायऱ्या स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काम करा. अडलेली जागा नंतर पुन्हा बघा. डोळे स्क्रीनवर असले की बोटं काय सांगतात ते ऐकूच येत नाही. वेग वाढवून, संगीत लावून केलेले मोहक व्हिडिओ करमणूक म्हणून बघा, मीही बघतो, पण त्यातून शिकायला मिळत नाही. शिकवणारा व्हिडिओ बराचसा कंटाळवाणा असतो: मूळ वेगात, न कापलेला, आणि बोलणारा माणूस मधूनमधून 'आता माती अशी झाली आहे' हे सांगणारा.

कोर्स निवडतानाही हेच बघा. रेकॉर्ड केलेल्या धड्यांची लांबलचक यादी ही तशी स्वस्त गोष्ट आहे, तेवढं बहुतेक फुकटही मिळतं. पैसे द्यायचे ते अभिप्रायासाठी. तुमच्या कामाचे फोटो कोण बघणार, किती दिवसांत उत्तर देणार, दोन धड्यांमध्ये माती वाळायला पुरेसे दिवस सोडले आहेत का, हे आधी विचारा. सलग दोन दिवसांत कप पूर्ण करून देणारा थेट वर्ग असेल तर शंका घ्या, कारण ते वेळापत्रक मातीच्या सोयीने केलेलं नसणार. तुमच्या मातीचं नाव आणि तुमची भट्टीची सोय न विचारता शिकवायला सुरुवात करणारा शिक्षकही मला पटत नाही.

चाक सध्या घेऊ नका. चाकावर माती मधोमध आणताना, म्हणजे सेंटरिंगमध्ये, जोर मनगटातून येत नाही. कोपर मांडीला किंवा बरगडीला टेकवून सगळं अंग स्थिर करावं लागतं आणि चुकलं की ते अंगालाच कळतं. वरून लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त पंजे दिसतात, मग बघणारा पंज्यांचीच नक्कल करत बसतो. चार-सहा वेळा तरी कुणाच्या तरी शेजारी बसून शिकण्याची सोय झाली, तर त्यानंतर ऑनलाइन मदत उत्तम चालते. तेव्हा स्वतःचा व्हिडिओ बाजूने काढा, कोपरं दिसतील असा. आणि एक बारीक गोष्ट: जपानमध्ये चाक परंपरेने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतात, युरोप-अमेरिकेत बहुतेक उलट. त्यात काही व्हिडिओ आरशासारखे उलटे झालेले असतात. एकाचा डावा हात आणि दुसऱ्याची दिशा अशी सरमिसळ केली की महिनोन्महिने माती डगमगत राहते.

चाकाशिवायचं काम दुय्यम, असं मनात असेल तर काढून टाका. चेकियातल्या डोल्नी वेस्टोनिस इथे १९२५ साली सापडलेली भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती पंचवीस हजार वर्षांहून जुनी आहे. चाक त्यानंतर कितीतरी सहस्रकांनी आलं. जपानची जोमोन भांडी मातीच्या वळ्या एकमेकींवर रचून केलेली. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर केनियात जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या मॅग्डालीन ओडुंडो यांचे घट बघा. इतका ताणलेला, नितळ आकार, आणि तो हाताने वळ्या लावून केलेला.

भट्टीला मात्र पर्याय नाही. ओव्हन फार तर अडीचशे अंशांपर्यंत जातो. मातीच्या रचनेत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान निघून जातं आणि त्यानंतरच ती पाण्यात विरघळायची थांबते. त्यामुळे ओव्हनमध्ये 'भाजलेली' वाटी ही फक्त कडक वाळवलेली वाटी, पाण्यात टाकली की तिचा चिखल. हवेत वाळणारी तयार माती शोभेच्या वस्तूंना आणि सरावाला ठीक, पण तिच्यात चहा पिता येणार नाही.

म्हणजे कुणाच्या तरी भट्टीत जागा मागावी लागेल. अनेक स्टुडिओ, कला महाविद्यालयं आणि एकटे कलाकार ठरावीक पैसे घेऊन दुसऱ्याचं काम भाजून देतात. तिथे जाताना तुमची माती कोणती आणि ती कोणत्या कोनपर्यंत भाजायची, हे लिहून न्या. कोन म्हणजे ठरलेल्या उष्णतेला वाकणारा छोटा सुळका. तापमान आणि वेळ या दोन्हींचा एकत्र परिणाम त्यातून कळतो. इथे शून्याकडे नीट बघा: कोन ६ म्हणजे साधारण १२२० ते १२४० अंश, तर कोन ०६ म्हणजे जवळपास १००० अंश. एका शून्याने दोनशेहून जास्त अंशांचा फरक पडतो. कमी तापमानाची तांबडी माती चुकून कोन ६ ला गेली तर ती फुगते, वितळते आणि दुसऱ्याच्या भट्टीच्या फळ्यांना चिकटते. असं झालं तर पुन्हा कुणी दार उघडणार नाही.

पूर्ण कोरडं भांडं सगळ्यात ठिसूळ असतं, म्हणून नेताना काठाला किंवा कानाला धरून उचलू नका, दोन्ही हात तळाखाली. आणि हवेच्या बुडबुड्याने भांडं भट्टीत फुटतं ही समजूत ऑनलाइन जगात अजून जोरात आहे. फोडते ती वाफ. जाड आणि आतून ओलं राहिलेलं भांडं बुडबुडा नसला तरी फुटतं, आणि नीट वाळलेल्या भांड्यातल्या बुडबुड्याने सहसा काही होत नाही. माती तिंबायची ती एकसारखी व्हावी म्हणून. फुटण्याची भीती असेल तर भिंत पातळ ठेवा आणि वाळायला जास्त दिवस द्या.

आकसण्याचा हिशेब एकदाच करून ठेवा. मातीची लांबट पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढा, पट्टी दोन फळ्यांमध्ये सपाट वाळवा आणि भाजून आल्यावर रेघ मोजा. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, माती बहुधा दहा ते तेरा टक्क्यांनी आकसलेली आढळेल. समजा बारा टक्के निघाले आणि भाजल्यावर दहा सेंटिमीटर उंच कप हवाय. सगळे दहात बारा टक्के मिळवून ११.२ करतात आणि कप बुटका निघतो. दहाला ०.८८ ने भागायचं, म्हणजे जवळजवळ ११.४. झाकणाच्या डब्याला हा दोन मिलिमीटरचा फरक पुरतो, झाकण बसत नाही.

ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, हा मात्र ऑनलाइन शिकायला उत्तम विषय, कारण त्यात वाचण्यासारखं खूप आहे. काच होणारी सिलिका, तिला भांड्यावर धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिना आणि वितळणं सोपं करणारे फ्लक्स, हे त्रिकूट समजलं की पाककृती वाचता येऊ लागतात. ग्लेझी या खुल्या संग्रहात अशा हजारो कृती फोटोंसह मिळतात. पण दुसऱ्याची कृती तुमच्या मातीवर आणि तुमच्या भट्टीत तशीच उतरेल हे गृहीत धरू नका. आधी छोट्या तुकड्यावर करून बघा. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्या तर समजा की ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं आहे. सुरुवातीला अन्नासाठी चालणारं तयार ग्लेझ घ्या, शिसं असलेलं घरात आणूच नका, आणि तळाला खाली दोन-तीन मिलिमीटर कोरी पट्टी सोडा, नाहीतर भांडं फळीला चिकटेल.

घरात काम करताना सगळ्यात गंभीर गोष्ट धुळीची आहे आणि व्हिडिओंत तिच्यावर दोन वाक्यांपलीकडे कुणी बोलत नाही. कोरड्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांत साचते आणि वर्षानुवर्षं साचत गेली तर सिलिकोसिससारखा कायमचा आजार होतो. कोरडा झाडू कधीही मारायचा नाही, ओल्या स्पंजने पुसायचं. कोरडं भांडं घासून गुळगुळीत करायचा मोह आवरा, तेच काम लेदर हार्ड असताना ओल्या स्पंजने होतं. कोरडी ग्लेझ पावडर कालवताना धुळीला चालणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. हात आणि हत्यारं बादलीत धुवा, माती खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणीच ओता. गाळ मोरीत गेला की नळी तुंबलीच.

बघणं हाही शिकण्याचाच भाग आहे आणि ते घरून फार चांगलं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या स्वामित्वहक्काबाहेरच्या लाखो वस्तूंचे फोटो मुक्त केले आहेत, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा सिरॅमिक संग्रहही ऑनलाइन पाहता येतो. फोटो मोठा करून भांड्याचं बूड बघा: ग्लेझ कुठे थांबवलंय, बैठक किती रुंद, भिंत कुठून वळायला लागते. मग त्या भांड्याची बाहेरची रेषा पेन्सिलने काढा. सिरॅमिक कलाकार लूसी री यांचं काम जरूर बघा. त्या १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून लंडनला आल्या आणि पुढे आयुष्यभर एका लहानशा घरात राहिल्या. खाली स्टुडिओ, वर राहणं. युद्धकाळात तिथेच त्यांनी सिरॅमिकची बटणं केली. पुढे त्या कच्च्या भांड्यावरच ब्रशने ग्लेझ लावून एकदाच भाजत. त्यांच्या वाटीचा पातळ काठ आणि इवलंसं बूड यांचा तोल बघितला की आपल्या वाटीचं बूड किती बोजड आहे ते आपोआप दिसतं.

भट्टी मिळेपर्यंत काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. कोरडी कच्ची भांडी धक्का आणि पाणी न लागता ठेवली तर कितीही दिवस थांबू शकतात, घाई नाही. पण सगळी ठेवू नका. निवडक दोन-तीन खोक्यात कागद भरून ठेवा, बाकीची पूर्ण वाळवून, फोडून पाण्याच्या बादलीत टाका. अर्धओली माती पाण्यात नुसती बसून राहते, पूर्ण कोरडी मात्र काही वेळात सुटून लगदा होते. तो लगदा सुती पिशवीत टांगा, पाणी निथळलं की तिंबा आणि पुढच्या वाटीला घ्या.